आधी हॉल, मग स्पीकर, रिसिव्हर शेवटी : पहिला होम ऑडिओ संच जुळवताना

"रिसिव्हर घेतलाय, सेलमध्ये स्वस्त पडला. आता त्याला स्पीकर कुठले लावू?" घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत दिवाळी झाली की लिफ्टमध्ये हा प्रश्न ठरलेला. मग रविवारी सकाळी मल्टिमीटर आणि टेप घेऊन मी कुणाच्या तरी हॉलमध्ये ओणवा बसलेला असतो. दहापैकी आठ घरांत बिघाड कशातच नसतो, फक्त खरेदीचा क्रम उलटा झालेला असतो. क्रम असा ठेवा : हॉल, स्पीकर, रिसिव्हर, वायर. रिसिव्हर म्हणजे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स वगैरेंचा आवाज घेऊन स्पीकरना पॉवर देणारा, आत ॲम्प असलेला डबा. हा लेख दोन स्पीकरच्या स्टिरिओसाठी किंवा ५.१ संचासाठी (पाच स्पीकर आणि फक्त बाससाठी एक सबवूफर) आहे. साउंडबारला यातलं काही लागत नाही.

टप्पा १ : आधी लगीन हॉलचं

टेप आणि वही घ्या. बसायच्या जागेपासून टीव्हीपर्यंतचं अंतर, टीव्ही युनिटच्या दोन्ही बाजूंना उरलेली जागा आणि स्पीकरच्या मागे भिंतीपर्यंत किती मोकळं राहील, ही तीन मापं लिहून काढा. ठाण्यातल्या टू बीएचकेचा हॉल बहुधा १० बाय १६ फुटांच्या आसपास असतो, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आणि कान टीव्हीपासून ८ ते १० फुटांवर. म्हणजे साधारण ३ मीटर. पुढचं सगळं गणित या ३ मीटरवर आहे.

मग सोफ्यावर बसून डावी-उजवीकडे बघा. बहुतेक घरांत एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज. सराउंड, म्हणजे बाजूचे-मागचे स्पीकर टांगायचे तिथे भिंतच नाही. अशा हॉलमध्ये ओढूनताणून ५.१ बसवण्यापेक्षा समोर दोन चांगले स्पीकर घ्या. एव्ही रिसिव्हर दोन स्पीकरवरही व्यवस्थित चालतो, मेनूत बाकीचे 'नाही' म्हणून सांगायचे. मधला आणि मागचे पुढच्या वर्षीही आणता येतात.

हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर्र' असा बारीक पडसाद आला, तर फरशी आणि काच मिळून आवाज उधळणार आहेत. जाड पडदा आणि सोफ्यापुढे सतरंजी किंवा गालिचा. हा खर्च स्पीकरच्या बजेटमध्येच धरा, कारण नंतर कुणी करत नाही.

*तपासा :* टीव्हीजवळच्या तीन पिनच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का? इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं.

टप्पा २ : स्पीकर निवडा

कागदावर बघायचे आकडे तीन, आणि तिसऱ्याला सगळ्यात कमी महत्त्व.

पहिला, संवेदनशीलता. १ वॅट दिला की १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा. घरगुती स्पीकर साधारण ८४ ते ९० मध्ये असतात. हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते. म्हणजे ९० चा स्पीकर एका वॅटमध्ये जेवढा वाजतो तेवढाच ८४ चा वाजवायला चार वॅट लागतात. इथे एक गंमत असते. कंपनी '१ वॅट' लिहिण्याऐवजी '२.८३ व्होल्ट' लिहिते. ८ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅटच, पण ४ ओमच्या स्पीकरला तेच २ वॅट होतात. तेव्हा ४ ओमच्या स्पीकरपुढे असा आकडा दिसला, तर त्यातून ३ वजा करून वाचा.

दुसरा, इम्पिडन्स, म्हणजे ओम. तो जितका कमी तितका रिसिव्हरमधून करंट जास्त खेचला जातो. लिहिलेला आकडा नाममात्र असतो, गाणं चालू असताना तो वरखाली होतो, आणि ८ ओमचा स्पीकर काही सुरांना ५-६ पर्यंतही उतरतो. पहिल्या संचाला ८ ओम घ्या. ६ चालतील. ४ ओमचे स्पीकर वाईट नसतात, पण त्यांना रिसिव्हर तगडा लागतो आणि बजेट तिथेच फुटतं.

तिसरा, रिसिव्हर किती वॅटचा चालेल ते सांगणारा '२०–१२० वॅट' असा पल्ला. २० च्या खाली स्पीकर वाजत नाही असा याचा अर्थ नाही, आणि १२० वॅटचा रिसिव्हर हवाच असाही नाही. वाचा आणि पुढे चला.

मागच्या बाजूला हवेचं भोक असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला की बास घुमतो, त्याला मागे फूटभर तरी मोकळं लागतं. टप्पा १ मधलं माप तेवढं नसेल, तर पुढे भोक असलेला किंवा पूर्ण बंद डब्याचा स्पीकर शोधा.

दुकानात ऐकायला जाताना आपली गाणी न्या. एकट्या आवाजाचं एखादं भावगीत आणि ढोलकी-तबल्याचं काहीतरी. डग्ग्याचा घुमारा आणि ढोलकीची थाप आपल्या कानाला पाठ असते, त्यात खोट लगेच पकडता येते. दोन स्पीकरांची तुलना करताना आवाजाची पातळी मात्र सारखी करून घ्या. जो जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि विक्रेत्याला हे ठाऊक असतं.

जुने घेत असाल, तर वूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या कोनाच्या, कडेची रिंग बोटाने हलकेच दाबा. फोमची असेल तर आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ती कधीतरी भुसा होऊन गळतेच. ऐरोली, वाशी, कोपरी इथल्या घरांतून निघालेल्या मालात मी हे वारंवार पाहिलंय. रबराची रिंग जास्त टिकते. मल्टिमीटर ओमवर ठेवून टर्मिनलला लावा. ८ ओमचा धडधाकट स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओमचा तीन-साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर आत तुटलंय.

*इशारा :* पूर्वी मिळायच्या 'डीव्हीडी होम थिएटर' संचांतले छोटे स्पीकर कपाटातून काढून नव्या रिसिव्हरला जोडू नका. त्यातले बरेच ३ ओमचे असतात. त्यांचा वूफरही नव्या रिसिव्हरच्या सबवूफर आउटपुटवर वाजत नाही, कारण तिथून फक्त सिग्नल येतो आणि त्या डब्यात स्वतःचा ॲम्प नसतो. उलट, ज्या स्पीकरला स्वतःची प्लगची वायर आहे तो रिसिव्हरच्या स्पीकर टर्मिनलला कधीही जोडायचा नाही.

टप्पा ३ : आता रिसिव्हर

किती वॅट लागतात ते आधी काढू. स्पीकर ८७ डेसिबलचा, कान ३ मीटरवर. अंतरामुळे साडेनऊ डेसिबल जातात, दोन स्पीकर वाजतात म्हणून तीन परत मिळतात. प्रत्येकी एका वॅटला कानाशी ८० डेसिबल आले, भिंतींमुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच. घरात आपण सिनेमा ७०-७५ च्या आसपास बघतो, म्हणजे बहुतेक वेळ एक वॅटही खर्च होत नाही. एखादा स्फोट किंवा ढोलकीची कडक थाप क्षणभर ९५ ला जाते. ८० वरून ९५ म्हणजे १५ डेसिबल, त्याला ३२ पट पॉवर : ३२ वॅट. स्पीकर ८४ चा असता, तर ६४ लागले असते. तेव्हा भिंतींची मदत धरता आपल्या हॉलला ५०-६० खरे वॅट पुरे.

'खरे' या शब्दावर सगळं अडतं. खोक्यावर '१५० वॅट' असतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत '६ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी, एक चॅनल'. टीएचडी म्हणजे आवाज किती फाटतो त्याचा टक्का. म्हणजे एकच स्पीकर, एकच सूर, आणि तोही चांगलाच फाटलेला. आपल्याला हवी ती ओळ अशी दिसते : '८० वॅट, ८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के टीएचडी, दोन चॅनल चालू'. अशी ओळ माहितीपत्रकात सापडलीच नाही, तर तो रिसिव्हर बाजूला ठेवा. 'पीएमपीओ' (क्षणभराची म्हणे कमाल पॉवर) लिहिलेलं काहीही विकत घेऊ नका. तो आकडा छापणाऱ्याच्या मर्जीवर असतो.

रिसिव्हर कमी वॅटचा असला की स्पीकर सुरक्षित, अशीही एक समजूत आहे. ताकदीबाहेर पिळलेला छोटा ॲम्प सिग्नलची टोकं कापतो आणि त्यात सगळ्यात आधी जळतो तो ट्विटर, म्हणजे बारीक सूर वाजवणारा छोटा भाग. आवाज खरखरीत आणि टोचरा झाला की नॉब मागे फिरवायचा, मग वॅट कितीही असोत.

आता रिसिव्हर उलटा करून पाठ वाचा. स्पीकर टर्मिनलजवळ किमान ओम छापलेले असतात, आपला स्पीकर त्याच्या खाली जाता कामा नये. 'ए' आणि 'बी' अशा दोन जोड्या असतील आणि बेडरूममध्येही स्पीकर लावायचा बेत असेल, तर जपून : दोन्ही जोड्या एकदम चालू केल्या की ८ आणि ८ ओम मिळून रिसिव्हरला बहुधा ४ दिसतात. म्हणूनच 'ए+बी' साठी वेगळा, जास्तीचा आकडा छापलेला असतो.

मेनूत ओमची सेटिंग असते. ती खाली आणली की रिसिव्हर आपली पॉवर आवळून घेतो. स्पीकर ६-८ ओमचे असतील, तर तिला हात लावू नका.

बाकी हव्यात त्या गोष्टी : टीव्हीचा आवाज परत आणणारा 'ई-आर्क' किंवा निदान 'आर्क' एचडीएमआय, सबवूफरचं आउटपुट, आणि तुमच्या सेट-टॉप बॉक्स, गेम वगैरेंना पुरतील इतकी एचडीएमआय इनपुट. रेकॉर्ड प्लेअर लावायचा असेल तर 'फोनो' इनपुट बघा. साध्या इनपुटला तो कुजबुजल्यासारखा वाजतो, बासही गायब.

*इशारा, आणि हा माझ्या अंगावरचा :* माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून येताना स्वतःचा जुना रिसिव्हर घेऊन आला. फुकटात मिळतोय म्हणून मी इतका हरखलो की चहा व्हायच्या आत प्लगला ॲडॅप्टर लावून बटण दाबलं. 'फट्' झालं, जळक्या वॉर्निशचा वास नौपाड्याच्या त्या दोन खोल्यांत रात्रीपर्यंत राहिला, आणि आईने सगळ्या खिडक्या उघडून पंखा पाचवर केला. पाठीवर स्पष्ट छापलेलं होतं : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३०. प्लगचा ॲडॅप्टर फक्त पिना जुळवतो, व्होल्टेज तेच राहतं. परदेशातून आलेल्या कुठल्याही रिसिव्हरचं हे स्टिकर आधी वाचा. १२० चा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, पाठीवर लिहिलेल्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा. जपानी मशीन असेल तर १०० व्होल्टचा.

टप्पा ४ : वायर

लांबी हवेतून मोजू नका. वायर स्कर्टिंगच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून फिरून जाते. त्या वाटेने सुतळी टाका, सुतळी मोजा, वर प्रत्येक टोकाला फूटभर जास्त धरा.

जाडीचं गणित सोपं आहे : जाऊन-येऊन वायरचा रोध स्पीकरच्या ओमच्या ५ टक्क्यांहून कमी हवा. दीड स्क्वेअर मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरला साधारण ०.०१३ ओम. १० मीटरच्या पल्ल्यात जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.२६ ओम. ८ ओमच्या ५ टक्के ०.४, म्हणजे चाललं. ४ ओमला मर्यादा ०.२, तिथे अडीच स्क्वेअर घ्या. याहून महाग वायरीवर पैसे घालवू नका, ते स्पीकरात घाला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल, तर ठाण्याहून दादर, तिथून पश्चिमेची गाडी, ग्रँट रोडला उतरायचं. खिशात ब्लेड ठेवा. वायरचं टोक सोलायला लावा आणि एक तार ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आत चंदेरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध जास्त आणि ती टर्मिनलमध्ये तुटतेही लवकर.

*इशारा :* घराचं काम चालू असेल आणि वायर भिंतीतून न्यायची असेल, तर तिला स्वतंत्र पाइप टाकून घ्या. कंत्राटदार 'इसी में डाल देता हूँ' म्हणत लाइटच्या पाइपातून ओढायला बघतो. २३० व्होल्टच्या वायरीसोबत स्पीकरची वायर एका पाइपात नको. भाड्याच्या घरात पांढरी केसिंग-पट्टी उत्तम, जाताना काढून नेता येते.

टप्पा ५ : जोडणी

प्लग सॉकेटमधून काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लग बाहेर हवा.

सेंटिमीटरभर इन्सुलेशन सोला, जास्त नको. उघड्या तारा अंगठा आणि तर्जनीत धरून एकाच दिशेने घट्ट पिळा, समईची वात वळतो तशा. मग टर्मिनलच्या भोकात घालून वरची टोपी आवळा आणि मोबाइलचा टॉर्च मारून बघा. पिळातून सुटलेली केसाएवढी एक तार शेजारच्या काळ्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट झाला. मग रिसिव्हर चालू होतो, आतून 'टक्' असा रिलेचा आवाज येतो आणि तो मान टाकतो. पडद्यावर 'प्रोटेक्ट' येतं. अशा वेळी पुन्हापुन्हा बटण दाबत बसू नका, प्लग काढून सगळी टोकं परत तपासा. हात थरथरत असतील किंवा चष्मा लागला असेल तर सरळ बनाना प्लग (वायरच्या टोकाला बसणारी, टर्मिनलमध्ये खुपसायची पिन) लावा.

लाल लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरची वायर उलटी लागली तर काही जळत नाही, पण बास पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता हॉलभर पसरतो. लोक मग रिसिव्हर बदलायला निघतात.

भिंतीतून आलेल्या वायरीचे रंग इलेक्ट्रिशियनने मध्येच बदलले असतील, तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. रिसिव्हरकडची दोन्ही टोकं मोकळी ठेवून सेलला क्षणभर टेकवा, आणि कुणाला तरी स्पीकरची जाळी काढून वूफर बघायला सांगा. 'खर्र' होऊन कोन बाहेर आला, तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार लाल टर्मिनलची. आत गेला, तर उलटी.

स्पीकर झाले की एचडीएमआय, आणि प्लग सगळ्यात शेवटी. व्हॉल्यूम पार खाली आणून मगच बटण दाबा.

*तपासा :* रिसिव्हरच्या वर चार-पाच इंच तरी मोकळे आहेत का? दार लावलेल्या टीव्ही युनिटमध्ये मे महिन्यात तो भाजून निघतो. त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. विणलेला रुमाल तर नकोच.

टप्पा ६ : मांडणी

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा जवळजवळ समभुज त्रिकोण व्हायला हवा. ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला, जमिनीपासून तीन-सव्वातीन फुटांवर. शोकेसच्या कप्प्यात कोंबलेला स्पीकर आतल्या पोकळीत घुमतो, निदान त्याचं तोंड कप्प्याच्या कडेपर्यंत ओढा. सराउंड लावणार असाल, तर ते तुमच्या बाजूला किंवा किंचित मागे, समोरच्या रेषेपासून ९० ते ११० अंशांवर.

सबवूफरची जागा शोधायला थोडी लाज सोडावी लागते. तो सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि हॉलच्या कडेने रांगत फिरा. जिथे बास गच्च आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा. मुलं हसतात, हसू द्या.

टप्पा ७ : सेटिंग

रिसिव्हरसोबत मापाचा माइक येतो, त्यावरून तो स्पीकरची अंतरं आणि पातळी स्वतः ठरवतो. डेनॉन-मारांट्झमध्ये त्या पद्धतीला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपीएओ. माइक हातात धरू नका आणि सोफ्याच्या उशीवर टेकवू नका. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीवर. पंखा, एसी बंद, आणि कुकर गॅसवर असेल तर शिट्ट्या होऊ द्या. सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा (कुठल्या सुराच्या खालचं त्याने वाजवायचं ते ठरवणारा) नॉब आधी पूर्ण वर फिरवा, ते काम आता रिसिव्हर करणार.

माप झालं की मेनूत जाऊन आकडे बघा. बुकशेल्फ (छोट्या, कप्प्यात मावणाऱ्या) स्पीकरला त्याने 'लार्ज' ठरवलं असेल आणि तुमच्याकडे सबवूफर असेल, तर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. स्पीकरची अंतरं टेपशी ताडून पाहा. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर तसंच राहू द्या, त्याच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

टीव्हीचा आवाज येत नसेल, तर क्रमाने : केबल टीव्हीच्या 'आर्क' लिहिलेल्या पोर्टमध्येच आहे ना, दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयवरून एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू आहे ना, आणि टीव्हीचं ऑडिओ आउटपुट 'पास-थ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम' आहे ना. टीव्ही 'पीसीएम' वर राहिला की साध्या आर्कवरून फक्त दोन चॅनल येतात आणि मागचे स्पीकर मुके राहतात.

टप्पा ८ : घुरघुर आणि शेजारी

काहीही वाजत नसताना 'हंऽऽ' ऐकू येतंय? केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर दोष त्या वायरीतून आलेल्या अर्थिंगच्या फेऱ्याचा. केबलच्या लाइनमध्ये बसणारा आयसोलेटर मिळतो. प्लगची अर्थची पिन तोडून घुरघुर बंद करणारे 'जाणकार' भेटतील. त्यांना सॉकेटजवळ फिरकू देऊ नका.

बास भिंतींपेक्षा स्लॅबमधून जास्त प्रवास करतो, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंना सिनेमा कळत नाही पण हादरे कळतात. सबवूफरखाली जाड रबर किंवा दाट फोमचा पॅड टाका. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. दहानंतर रिसिव्हरमधला 'नाइट' मोड लावला की संवाद ऐकू येतात आणि स्फोट दबतात.

खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. आणि पहिला पावसाळा सरला की, नवरात्राच्या आसपास, प्लग काढून सगळी टर्मिनल एकदा उघडा. तांब्यावर हिरवट थर चढला असेल तर घासत बसू नका. तेवढं टोक कापा, सेंटिमीटरभर नवीन सोला, पिळा आणि पुन्हा आवळा. टप्पा ४ मध्ये टोकाला फूटभर वायर जास्त धरायला सांगितली ती यासाठीच.